पाठीमागच्या दोन मुठी

माझगावला ताडवाडीच्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझ्या मामाची खोली होती. मामा वेल्डर. १९८८ साली एका खाजगी कामावर परांचीवरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सहा महिन्यांनी तो इस्पितळातून घरी आला तेव्हा नातेवाइकांनी वर्गणी काढून प्रिन्सेस स्ट्रीटवरून खुर्ची आणली. क्रोमचा चकचकीत मुलामा, निळं रेक्झीन, मागं दोन मोठी चाकं, पुढं दोन भिंगऱ्या आणि बैठकीखाली कात्रीसारखी मिटणारी पोलादी नळ्यांची फुली. वजन वीसेक किलो. खोलीच्या दाराची दोन्ही पाखं उघडली की ती कशीबशी आत यायची. मजल्याच्या टोकाच्या सामाईक संडासाच्या दारातून मात्र ती एकदाही गेली नाही. मग व्हायचं ते झालं. खुर्ची गॅलरीत आणि मामा खाटेवर.

महिन्यातून एकदा तपासणीला न्यायचं असलं की चाळीतली चार पोरं त्याला खुर्चीसकट उचलून जिन्यानं खाली उतरवायची. "चौघांनी उचलायची वेळ माणसावर एकदाच येते," मामा म्हणायचा, "माझ्यावर दर महिन्याला येते."

त्या खुर्चीच्या पाठीला काळ्या रबराच्या दोन मुठी होत्या, सायकलच्या हँडलला असतात तशा. त्या कुणी धरायच्या यावरून आम्हा भाचरांची भांडणं व्हायची. मोठ्या चाकांना बाहेरून एक कडंही होतं, बसणाऱ्यानं हातानं फिरवायचं. मामा ते क्वचितच फिरवी. खुर्ची त्याच्या अंगापेक्षा चार बोटं रुंद, चाकांची आस पाठीच्याही मागं. कडं धरायचं तर कोपरं पंखासारखी बाहेर काढून खांदे मागं ओढावे लागत. दोन ढकलण्यांत तो दमायचा. आम्हाला वाटायचं, मामाच्या हातांतलंही बळ गेलं. वेल्डरचे हात ते! बळ कुठंही गेलं नव्हतं. खुर्ची त्याच्यासाठी केलेलीच नव्हती, ती मुठी धरणाऱ्या आमच्यासाठी केलेली होती. हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली. मग मी या खुर्चीचं घराणं शोधत मागं मागं गेलो, तर घराणी दोन निघाली.

चाकांच्या आधी खांदे होते. माझगाव बंगल्यांचं आणि आमरायांचं होतं त्या काळात ऐपतदार आजारी माणूस पालखीतून नाहीतर मेण्यातून जाई. पश्चिम किनाऱ्यावरच्या साहेबांच्या बोलीत 'हमाल' म्हणजे पालखी उचलणारा. गरिबाला डोली: एक बांबू, एक घोंगडी, दोन माणसं. ती डोली अजून मोडीत निघालेली नाही. पावसाळा आला की पालघर-रायगडच्या एखाद्या पाड्यावरून बाळंतिणीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणल्याची बातमी येतेच. माथेरानात माणसानं माणसाला ओढायच्या रिक्षा बंद करा, हे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मराठीत 'पांगुळगाडा' असा नेमका शब्द आहे. पांगळ्याचा गाडा. पण तो दिला आपण चालायला शिकणाऱ्या बाळाला. मोठ्या पांगळ्या माणसाच्या वाट्याला गाड्याऐवजी गोष्ट आली. पैठणचा कूर्मदास, हातपाय नसलेला. कीर्तनात पंढरीचं वर्णन ऐकलं आणि सरपटत निघाला. लऊळपर्यंत पोचला आणि अंगातलं त्राण संपलं, तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथं आला. माढा तालुक्यातल्या लऊळला त्याची समाधी आहे. लहानपणी या गोष्टीत मला देवाचं कौतुक वाटायचं. मामा पडल्यावर भलताच प्रश्न पडू लागला. वाटेवर इतकी गावं लागली, एकाही सुताराला याच्यासाठी चाकांची फळी ठोकून द्यावीशी वाटली नाही?

इकडे अहमदनगरच्या किल्ल्यावर चांदबिबी मोगलांशी लढत होती त्या १५९५ सालातली स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाच्या खुर्चीची नोंद आहे. राजाला गाऊटनं बेजार केलं होतं. त्याच्या पदरच्या जेहान लेर्मिटनं त्या खुर्चीचं चित्र काढून ठेवलंय: मागं कलणारी पाठ, पाय ठेवायला फळी, चारी पायांना लहान चाकं. राजानं स्वतः चाक फिरवायचा प्रश्नच नव्हता, नोकर होते. हे पहिलं घराणं. पुढं अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बाथ गावी, गरम झऱ्यांवर उपचाराला येणाऱ्या श्रीमंतांसाठी याच घराण्यात बाथ चेअर जन्मली. तिला बसणाऱ्याच्या हाती दिशा द्यायचा दांडा होता, पण ओढणारा किंवा ढकलणारा माणूस वेगळा. जगभरच्या इस्पितळांच्या दारात उभ्या असतात त्या खुर्च्या या वंशातल्या. त्यांत बसलेला माणूस म्हणजे सामान. सन्मानानं न्यायचं सामान, पण सामानच.

दुसरं घराणं सुरू होतं १६५५ साली, शिवाजीराजांनी जावळी घेतली त्याच्या आदल्या वर्षी. न्यूरेम्बर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात स्टेफान फार्फलर नावाचा बावीस वर्षांचा घड्याळजी राहायचा. त्याला चालता येत नव्हतं. त्यानं तीन चाकांची गाडी केली. पुढच्या चाकाला दातेरी चक्रं आणि हातानं फिरवायचा दांडा. घड्याळजीच तो, दाते कसे बसवायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ढकलणाऱ्याची गरज संपली. चित्र पाहाल तर ओळखीचं वाटेल. आपल्याकडच्या साहित्य-वाटपाच्या शिबिरांत मंत्र्यांच्या हस्ते दिली जाते ती तीनचाकी सायकल म्हणजे फार्फलरच्याच गाडीची खापरपणती.

या तीनचाकीवर मुंबईत पुष्कळांनी संसार केले. फोनचे बूथ चालवले, लॉटरीची तिकिटं विकली. पण ती रस्त्याची गाडी. चाळीच्या खोलीत शिरत नाही, शिरलीच तर वळत नाही. दिवसभर मुंबई फिरलेला माणूस रात्री घराच्या उंबऱ्यापाशी उतरून पुन्हा जमिनीवर सरपटतो. कूर्मदासाचं लऊळ त्याच्या घरातच असतं.

आज 'व्हीलचेअर' म्हटल्यावर जी डोळ्यांपुढं येते ती मागं मोठी आणि पुढं लहान चाकांची खुर्ची अमेरिकेत १८६९ च्या पेटंटात दिसते. हातानं फिरवायचं कडं त्यानंतर बाराएक वर्षांनी आलं. तारेच्या आऱ्या आणि रबरी टायर तिनं सायकलीकडून घेतले. हे नातं आपल्या बाजारात आजही कामाचं आहे, त्याकडं पुढं येतो.

या दुसऱ्या घराण्यात एक गोष्ट वारंवार दिसते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. फ्रँकलिन रूझवेल्टला १९२१ साली पोलिओ झाला. बाजारातल्या अवजड वेताच्या खुर्च्या त्याला नकोशा झाल्या, तेव्हा त्यानं जेवणाच्या टेबलाची बिनहाताची साधी खुर्ची घेऊन तिला चाकं लावून घेतली. अरुंद, दारातून जाणारी, चारचौघांत खुर्चीसारखीच दिसणारी. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण अभियंता. १९१८ च्या अपघातात त्याची पाठ मोडली. त्याला मोटारीतून हिंडायचं होतं आणि खुर्ची मोटारीत मावेना. हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राबरोबर त्यानं १९३३ च्या सुमारास फुलीवर मिटणारी पोलादी नळ्यांची खुर्ची केली. १९३७ साली पेटंट मिळालं. मामाच्या खुर्चीखालची कात्री ती हीच. म्हणजे तिचा जन्म बसणाऱ्याच्याच हट्टातून झाला होता.

मग ती ढकलणाऱ्यांच्या घराण्यात दत्तक कशी गेली? याचं एक कारण चांगलं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेला माणूस फार जगत नसे. बेडसोअर आणि लघवीच्या मार्गाचे संसर्ग त्याला नेत. सल्फा आणि पेनिसिलीन आलं. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलायला लावणारा विभाग सुरू केला आणि ही माणसं जगायला लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, गुटमान यांनी खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजी भरवली. त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. जगणारे वाढले, खुर्च्यांची मागणी वाढली, खरेदी मात्र इस्पितळं आणि सरकारं करू लागली. त्यांना हवी होती टिकाऊ, कुणालाही चालणारी, एकाच मापाची खुर्ची. एव्हरेस्ट-जेनिंग्ज कंपनी बाजाराची धनी झाली. खुर्चीचं वजन पन्नास पौंड, म्हणजे तेवीस किलोच्या आसपास, आणि ते कमी करायची कुणाला निकड नाही. शेवटी १९७७ साली अमेरिकेच्या न्याय खात्यानं मक्तेदारीवरून कंपनीवर खटला भरला.

कोंडी फोडली ती पुन्हा बसणाऱ्यांनीच. कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन ही हँग ग्लायडिंग करताना कोसळली आणि तिचे पाय गेले. पदरी पडली ती नेहमीची जड पोलादी खुर्ची. तिचे दोन मित्र हँग ग्लायडर बनवायचे. ती त्यांना म्हणाली, ज्या नळ्यांनी तुम्ही माणसं उडवता त्यांचीच खुर्ची करा. १९८० च्या सुमारास ॲल्युमिनियमची, सव्वीस पौंडांची 'क्विकी' निघाली. बारा किलोंच्या आत. वर भडक रंग! इस्पितळी क्रोमला तोवर सहसा कुणी रंग देत नसे. आज ज्याला 'ॲक्टिव्ह' खुर्ची म्हणतात ती इथून सुरू होते: न मिटणारा ताठ सांगाडा, खटक्यानं निघणारी चाकं, कमरेपुरती बुटकी पाठ.

आपल्याकडं काय चाललं होतं? पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डननं मुंबईत शाळा काढली. ती पुढं खडकीला गेली आणि अजून आहे. १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या आपल्या मुलीपायी मुंबईत पोलिओचा दवाखाना उभा केला. १९५५ साली हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. पण आपला सगळा भर पोलिओवर, म्हणजे कॅलिपर आणि कुबड्यांवर. मूल चाललं पाहिजे, कसंही, फरफटत का होईना. खुर्चीत बसणं म्हणजे हार, ही समजूत डॉक्टरांपासून आजीपर्यंत सगळ्यांची होती. मामाच्या आईनं, माझ्या आजीनं, खुर्ची घरात आणायला महिनाभर विरोध केला होता. "आणली की तो कायमचा बसला," म्हणायची.

१९७२ साल मला या बाबतीत फार गमतीचं वाटतं. जूनमध्ये आमच्या माझगाव डॉकनं बांधलेली 'नीलगिरी' ही युद्धनौका आरमारात दाखल झाली. त्याच वर्षी अपंगांची साधनं बनवण्यासाठी 'अलिम्को' ही सरकारी कंपनी कानपूरला स्थापन झाली. आणि त्याच वर्षी सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहले आणि सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं पहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले होते. कुलाब्याच्या 'अश्विनी' नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले होते. युद्धनौका बांधता येत होती, सुवर्णपदक जिंकणारा माणूस होता, कारखानाही निघाला. हलकी खुर्ची मात्र देशात व्हायला आणखी पन्नास वर्षं गेली. तंत्र अवघड होतं म्हणून नव्हे. नळी वाकवणं आणि जोडणं यात जहाजबांधणीहून अवघड काय आहे? मागणारा खाटेवर होता आणि खरेदी करणारा ऑफिसात, म्हणून.

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मराठीत आलं तेव्हा या वस्तूला प्रथमच साधं घरगुती नाव मिळाल्यासारखं वाटलं. सोळाव्या वर्षी पाय गेलेली ही बाई एक्साइज खात्यात नोकरी करते, कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करते. पुस्तक मामाला वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "हिची खुर्ची दारातून जात असेल."

अलीकडं चित्र बदललंय. पोलिओ संपला, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता खुर्चीत येतात ते लोकलमधून, दुचाकीवरून, परांचीवरून पडलेले जवान लोक, ज्यांना कामावर जायचंय. मद्रास आयआयटीत घडलेल्या 'निओफ्लाय'ची अठरा मापं माणसागणिक बदलता येतात. जुलै २०२५ मध्ये तिथूनच 'वायडी वन' ही नऊ किलोंची खुर्ची आली, किंमत पाऊण लाखाच्या घरात. परदेशी टायटॅनियमच्या खुर्चीला याच्या दुपटी-तिपटीनं मोजावे लागतात. पाऊण लाख थोडे नव्हेत. पण तेवढ्याची मोटारसायकल आपण मुलाला पास झाल्याबद्दल घेऊन देतो.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या एका मुलीचा फोन आला. गाडीतून पडून तिचा कणा दुखावलाय, वय सव्वीस. मामाची खुर्ची आठवणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून मला विचारलं. "काका, दुकानात सगळे एकच सांगतात, ही इतक्या किलोची, ती तितक्या किलोची. मी किती इंचांची ते कुणी मोजतच नाही."

पोरगी हुशार. किलो महत्त्वाचे आहेत, पण कुठं, ते पाहावं. साठ किलोंचं माणूस आणि खुर्ची मिळून सपाट फरशीवर ढकलायला पाच-सात किलोंनी फार फरक पडत नाही. तो पडतो उचलताना: टॅक्सीत टाकताना, जिन्यावर, फलाटावरून डब्यात चढवताना. चालवताना खरा फरक पाडते ती मागच्या चाकाची आस. आस जितकी पुढं, बसणाऱ्याच्या गुरुत्वमध्याखाली, तितका भार मोठ्या चाकांवर येतो आणि पुढच्या भिंगऱ्या हलक्या होतात. भिंगरीवर भार असला की माझगावातल्या पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट तिला गिळते आणि माणूस तोंडावर पडतो. भार मागं असला की एका हिसक्यात भिंगऱ्या उचलून खड्डा पार होतो. मात्र आस फार पुढं घेतली की खुर्ची मागं उलटते. म्हणून सुरुवातीला आस बेताची ठेवावी, पाठीमागं उलटू न देणारी लहान चाकं लावावीत आणि हात बसला की आस छिद्राछिद्रानं पुढं सरकवावी. हे छिद्रच ज्या खुर्चीला नाही ती घेऊ नये, मग ती कितीही हलकी असो.

बसून हात खाली सोडले की मधलं बोट चाकाच्या आसेपर्यंत टेकावं. बैठक कमरेइतकीच, वर बोटभर. "जाड झाले तर?" म्हणून दोन इंच जास्त घ्यायला दुकानदार सांगतो, शाळेचा गणवेश घेताना सांगतात तसंच, ते दोन इंच पुढची वीस वर्षं खांद्यातून वसूल होतात. गादीवर काटकसर करू नये. बेडसोअर हलक्या खुर्चीलाही होतो.

मिटणारी की ताठ, यावर आमचा वाद झाला. मी मिटणारीच्या बाजूचा, टॅक्सीपायी. तिनं मला निरुत्तर केलं. मुंबईच्या टॅक्सीच्या डिकीत आता गॅसची टाकी असते, मिटलेली खुर्ची तिथं जातच नाही, टपावर बांधावी लागते. ताठ खुर्चीची चाकं काढली की चौकट मागच्या सीटवर शेजारी बसते. शिवाय मिटणारीच्या प्रत्येक सांध्यात थोडी ढकलशक्ती मुरते. चाकं मात्र चोवीस इंची, ट्यूबवाली घ्यायची हे दोघांनीही मानलं, कारण पंक्चर झालं तर नाक्यावरचा सायकलवाला काढून देतो. आरीही तोच बदलतो. खुर्चीचं सायकलशी नातं आहे म्हटलं ते हे.

मग तिनं घरातली दारं मोजली. खोलीचं दार, मोरीचं दार, सामाईक संडासाचं दार. संडासाचं सर्वांत अरुंद, चोवीस इंच. मामाची खुर्ची, अजून कुणाच्या तरी माळ्यावर आहे म्हणून मुद्दाम मोजली, साडेपंचवीस भरली. तिच्या मापाची ताठ खुर्ची चाकाच्या कड्यांसकट साडेबावीस.

मागणीच्या कागदावर शेवटचा रकाना मुठींचा होता. ठेवायच्या की नाहीत? मला वाटलं ती 'नकोत' लिहील. मुठी नसलेली पाठ परदेशी चित्रांत फार डौलदार दिसते आणि ओळख ना पाळख, मागून येऊन ढकलणाऱ्या परोपकारी हातांपासून सुटका होते. तिनं बराच वेळ विचार केला आणि 'हव्यात, दुमडणाऱ्या' असं लिहिलं. चाळीच्या तळमजल्यालाही रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत.